घरातील भिंत आणि तसबिरी

विषयाचे नाव वाचून काही श्रोत्यांनी मनात म्हटले असेल, की ज्या व्यासपीठावरून संतवाङ्मय, अर्थकारण आणि शेतीचे प्रश्न यांवर बोलले जाते, तेथे भिंतीला खिळा कोठे ठोकावा हा काय व्याख्यानाचा विषय झाला? शंका रास्त आहे. पण नवे घर बांधलेल्या कोणालाही विचारा. वास्तुशांत होते, पाहुणे जेवून जातात आणि मग दिवाणखान्यातली ती दहा फुटी कोरी भिंत घरच्यांकडे बघत बसते. तिच्यावर काहीतरी लावायचे असते. काय आणि कोठे, ते कोणालाच ठरवता येत नाही. शेवटी दुकानदाराने दिलेले कॅलेंडर तेथे लटकते आणि दहा वर्षे लटकतच राहते.

आपल्या वाडवडिलांना हा प्रश्न पडला नाही, कारण त्यांची भिंत कोरी नव्हतीच. तिच्यात कोनाडे होते, देवळ्या होत्या, फडताळे होती, पागोटे व पिशवी टांगायच्या खुंट्या होत्या. चित्र काढायचे तर ते भिंतीवरच काढीत. बुलढाण्याहून एका दिवसात जाऊन यावे इतक्या अंतरावर अजिंठा आहे. तेथल्या कारागिरांनी कातळावर माती, तूस आणि वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा दिला, त्यावर चुन्याचा पातळ हात फिरवला आणि मग रंग भरले. म्हणजे चित्राआधी त्यांनी भिंतीची निगा केली. हा क्रम आपण विसरलो आहोत. त्याकडे पुढे येतोच.

काचेच्या चौकटीतली तसबीर सामान्य माणसाच्या घरी आली ती छापखान्याच्या पाठीवर बसून. १८७८ साली पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रशाळा काढली आणि रामपंचायतनासारखी शिळाप्रेसवर छापलेली रंगीत चित्रे घरोघर जाऊ लागली. १८९४ साली राजा रविवर्म्याचा छापखाना मुंबईत सुरू झाला. तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि नंतर श्लायशर नावाच्या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती आला. लक्ष्मी आणि सरस्वती कशा दिसतात हे आपल्या आज्यांना त्याच चित्रांनी शिकवले. त्यानंतरच्या काळात दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांची चित्रे दिवाळी अंकांतून आणि कॅलेंडरांतून आली. वर्ष संपले की खालच्या तारखा कापून वरचे चित्र चौकटीत बसवायचे, ही आपल्या मध्यमवर्गाची कलासंग्रहाची रीत. तिला हसू नये. चांगले चित्र ओळखून ते राखून ठेवण्याची नजर तिच्यात होती.

जुन्या घरात या तसबिरी दाराच्या चौकटीच्याही वर, ओळीने आणि पुढे झुकवून लावलेल्या असत. वरची दोरी सैल, खाली दोन खिळ्यांचा आधार, आणि मागच्या पोकळीत चिमणीचे घरटे. ही उंची अडाणीपणाची नव्हे. खाली कोनाडे आणि लोड-तक्के, म्हणून जागा वरचीच उरे. माणसे जाजमावर बसत आणि तेथून मान वर करून पाहत. झुकलेली तसबीर बरोबर त्यांच्या तोंडाकडे वळे आणि समोरच्या खिडकीचा उजेड काचेवर चमकत नसे. शिवाय मातीच्या भिंतीत कोठेही खिळा ठोकला तर ढेकूळ निघून हातात येई. सुताराने बांधताना ज्या लाकडी गुल्ल्या भिंतीत घातल्या, तेथेच तसबीर लागायची.

घोटाळा झाला तो पुढे. घर सिमेंटचे झाले, जाजम जाऊन सोफा आला, पण तसबिरीची उंची तीच राहिली. आता ती पाहायला ना बसलेल्याची मान वळते, ना उभ्याची. संग्रहालयांतून एक साधा हिशेब वापरतात: चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे ५७ इंचांवर, म्हणजे ४ फूट ९ इंचांवर ठेवायचा. उभ्या माणसाची नजर साधारण तेथे पडते. समजा चौकट २४ इंच उंच आहे आणि मागची तार ताणली असता चौकटीच्या वरच्या कडेपासून ३ इंच खाली येते. मग ५७ अधिक १२, उणे ३, म्हणजे ६६ इंचांवर खिळा. हा हिशेब न करता चौकट हातात धरून 'अजून वर, अजून वर' म्हणणारे घर मी पुष्कळ पाहिले आहे. भिंतीला चार भोके पडतात आणि चौथेही चुकते. मात्र जेथे सगळे जण जमिनीवर बसतात, त्या देवघरात किंवा माजघरात हा आकडा निरुपयोगी. तेथे बसलेल्याचे डोळे अडीच फुटांच्या आसपास असतात. चित्रही त्या मानाने खाली यावे.

मोठ्या भिंतीला एकच लहान तसबीर लावली, की मोठ्या मैदानात हरवलेल्या पोरासारखी ती केविलवाणी दिसते. अशा वेळी पाच-सात चौकटींचा समूह करावा. पूर्ण समूह हे एकच चित्र मानावे आणि त्याचा मध्य ५७ इंचांवर आणावा. दोन चौकटींत २ ते ३ इंचांचे अंतर पुरे. अंतर वाढले की एकमेकांशी बोलणे तुटते. सगळ्यांत मोठी चौकट नेमकी मधोमध न ठेवता थोडी बाजूला घ्यावी. आधी जमिनीवर मांडून पाहावे. मग वर्तमानपत्राचे कागद प्रत्येक चौकटीच्या मापाने कापून भिंतीवर चिकटवावेत आणि दोन दिवस तसेच राहू द्यावेत. घरातल्या प्रत्येकाचे मत तेवढ्यात बाहेर पडते, आणि अजून एकही भोक पडलेले नसते. दिवाणाच्या वरचा समूह दिवाणाच्या सुमारे दोन-तृतीयांश रुंदीचा असावा, म्हणजे सहा फुटी दिवाणावर चार फूट. पाठ टेकून बसणाऱ्याचे डोके जेथे लागते (तेलाच्या डागावरून जागा सापडतेच) तेथून वीतभर वर सुरुवात करावी.

चौकटीला चौकट भिडवून छतापर्यंत भिंत भरण्याची हौस पॅरिसची आहे. लूव्रमधल्या एका चौकोनी दालनात १७२५ पासून तशी प्रदर्शने भरत. उलट जपानी घरात एकच कोनाडा राखतात, त्यात एकच गुंडाळीचित्र टांगतात आणि ऋतूप्रमाणे ते बदलतात. आपल्या दोन खोल्यांच्या घराला मला जपानी रीत अधिक परवडणारी वाटते. सगळे एकदम लावलेच पाहिजे असे थोडेच आहे?

अडचणीच्या भिंतींचे प्रश्न निराळे. दोन दारांमधली दीड फुटी पट्टी असेल तर तीन सारख्या लहान चौकटी एकाखाली एक. जिन्याच्या भिंतीवर जमीनच चढत जाते, म्हणून माप पायरीपासून घ्यावे आणि प्रत्येक चित्राचा मध्य आपापल्या पायरीपासून सारख्या उंचीवर ठेवावा. ओळ आपोआप जिन्याबरोबर चढते. विजेच्या बटनांची पाटी झाकण्याच्या खटपटीत पडू नये. तिच्या सरळ वर किंवा खाली भोकही पाडू नये, कारण भिंतीतल्या तारा बहुधा त्याच रेषेत जातात. साडेचार इंची भिंतीत ड्रिल जपून चालवावे आणि जड चौकटीला एकाऐवजी दोन गिट्ट्या द्याव्यात. दोन खिळ्यांवर लावलेली तसबीर तिरकीही होत नाही.

आता भिंतीची निगा. पावसाळ्यात पश्चिमेच्या किंवा न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीचे पोपडे सुटतात. ते झाकायला तसबीर लावणे म्हणजे तिला ओल्या पोत्यात घालणे. आधी गळती बंद करावी, भिंत एक उन्हाळा वाळू द्यावी. चौकटीच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना रबराचे तुकडे चिकटवले की हवा खेळती राहते. वाळवी भिंतीतून येते आणि थेट पाठीच्या पुठ्ठ्यात शिरते. खळ लावून चिकटवलेल्या कागदावर कसर तुटून पडते. म्हणून फ्रेमवाल्याला सांगावे, की खळ नको, मागे रद्दी कागद नको (त्यातले आम्ल चित्राला पिवळे करते), आणि चित्र व काच यांच्यामध्ये माउंटची जाड पट्टी हवी. ऊन थेट पडेल ती भिंत टाळावी. घाटाखाली खामगाव-मलकापूरकडचा उन्हाळा माणसाला सोसवत नाही, तो कागदाला काय सोसणार? खिडकीसमोरच्या भिंतीवर काच चमकते. खिडकीला काटकोनात असलेली भिंत सर्वांत बरी.

एवढे झाले म्हणजे काय लावावे हा प्रश्न उरतो. आपल्या जिल्ह्यातल्या घरात शेगावच्या गजानन महाराजांची तसबीर बहुधा असतेच. सिंदखेडराजा आपलाच, म्हणून बाळ शिवाजीसह जिजाऊही असतात. त्यांच्या शेजारी आजोबा असतात, फेटा बांधून, खुर्चीत. आजी कोठे असते? पुष्कळदा ती नसतेच. तिचा वेगळा फोटो कधी कोणी काढला नाही. ती गेल्यावर धावाधाव होते, लग्नातल्या समूहचित्रातून किंवा शिधापत्रिकेवरच्या फोटोतून तिचा चेहरा कापून मोठा करतात आणि त्या धूसर चेहऱ्याला हार घालतात. आमच्याकडे बाई भिंतीवर येते ती बहुतेक गेल्यानंतर. खिशात फोन आला आणि फोटोंना तोटा उरला नाही. पण ते फोनमध्येच राहतात आणि फोनबरोबर जातात. घरात म्हातारी असेल तर तिचा तिच्या रोजच्या जागी, चुलीपाशी किंवा ओसरीवर, एक चांगला फोटो काढावा, छापून घ्यावा आणि ती पाहू शकेल अशा उंचीवर लावावा. कोऱ्या भिंतीचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही.

वाडा पाडताना जुन्या तसबिरींचे काय करतात तेही सांगतो. देवांच्या तसबिरी पिंपळाच्या पारावर नेऊन ठेवतात आणि पूर्वजांच्या पोत्यात भरून माळ्यावर टाकतात. त्या पोत्यात कधी घरातला एकमेव फोटो असतो. फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नये. चेहरा काचेवर राहतो आणि हातात नुसता कागद येतो. काच पुसून, चमक येणार नाही अशा तिरप्या उजेडात, काचेसकट त्याचे छायाचित्र घ्यावे आणि मूळ चौकट तशीच कोरड्या कपाटात उभी ठेवावी. काळेपांढरे जुने फोटो पुष्कळ टिकतात. १९७०-८० च्या सुमाराचे रंगीत फोटो मात्र अंधारातही लालसर पडत जातात, म्हणून नकला करताना आधी ते हाती घ्यावेत. भिंतीवर नक्कल लावावी, मूळ फोटो जपावा आणि त्याच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने नाव, गाव आणि साल लिहावे. ते लिहायला घरातले जे माणूस सर्वांना ओळखते, त्याला याच सुटीत जवळ बसवून घ्यावे.