खाडा, उचल आणि गर्भपिशवी

ऊसतोडीच्या हिशेबात बाईला स्वतंत्र मजुरी नसते. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती कोयत्याला, आणि ती बहुधा नवऱ्याच्या हाती पडते. दोघांतलं एक जरी आजारी पडलं तरी खाडा धरतात आणि त्याचे पैसे उचलीत चढतात. गर्भपिशवी काढण्याचा प्रश्न मला या हिशेबातला वाटतो, दवाखान्यातला नंतर. 2019मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या गाजल्यावर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांच्या पाहणीत 13,861 जणींची पिशवी काढलेली आढळली, म्हणजे सहातल्या एकीची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या बायकांमध्ये हेच प्रमाण देशभरात सुमारे तीन टक्के आहे. दोन्ही पाहण्यांची पद्धत वेगळी, त्यामुळे आकडे शेजारी ठेवताना जपायला हवं. पण एवढी मोठी दरी नुसत्या पद्धतीतून पडत नाही.

‘बायका स्वतःच पिशवी काढायला सांगतात,’ असं डॉक्टर म्हणतात, आणि ते पुष्कळदा खरंही असतं. पण ही मागणी येते कुठून? हंगामाचे पाच-सहा महिने पहाटेपासून फडात, पाळीतही मोळ्या वाहायच्या, ट्रक भरायचा. कोपीला, म्हणजे राहायच्या झोपडीला, न्हाणी नाही, संडास नाही, कापड धुऊन वाळवायला आडोसा नाही. त्यातून अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं. यातली बरीच दुखणी औषधगोळ्यांनी बरी होणारी असतात. पण त्यासाठी पुन्हा पुन्हा दवाखाना गाठावा लागतो, आणि दर खेपेला खाडा. कमी वयात लग्न, दोन-तीन मुलं, मग नसबंदी. तिशीच्या आतच पिशवीचं ‘काम संपलेलं’ असतं. वर कोणी कॅन्सरची भीती घातली की संमतीची सही होते. या संमतीला मी खोटी म्हणणार नाही. दुसरी वाटच न ठेवता घेतलेली संमती आहे ती.

दोष खासगी डॉक्टरांच्या लोभाचा, असंही म्हटलं जातं. लोभ आहेच, म्हणून तर बीडमध्ये अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली, आणि ते योग्यच झालं. मात्र परवानगी नाकारलेली बाई तेच दुखणं घेऊन त्याच फडात परतते. वैद्यकाच्या समाजशास्त्रात याला नाव आहे, वैद्यकीकरण: राबवून घेण्याच्या रीतीतून आलेला त्रास एका अवयवाचा आजार ठरतो, आणि तो अवयव काढला की रीत शाबूत राहते. शरीर मात्र शाबूत राहत नाही. पिशवीबरोबर बीजकोषही काढले तर पाळी जाण्याचे सगळे परिणाम ऐन तिशीत सुरू होतात, हाडं लवकर ठिसूळ होतात. बीजकोष ठेवले तरी ते वेळेआधी थकण्याचा धोका असतो. शस्त्रक्रियेचा खर्च भागवायला पुन्हा मुकादमाकडूनच पैसे घेतले, की खाडा टाळायला केलेली शस्त्रक्रियाच पुढच्या हंगामाची उचल होते, आणि ती फेडायला त्याच बाईला पुन्हा मोळी उचलावी लागते.