फ्रँचायझी करारातील छुपे आकार आणि कायद्याचा आधार

गोदावरीच्या डाव्या तीरावरील पंचवटीचा व्यापार यात्रेकरूंच्या वर्दळीवर उभा आहे. रामकुंड, काळाराम मंदिर आणि निमाणी बसस्थानकाच्या परिसरात एखादे दुकान थाटावे, त्यावर नामांकित कंपनीची पाटी लावावी आणि २०२७ च्या सिंहस्थातील गर्दीचा लाभ घ्यावा, असा विचार हाती थोडीफार पुंजी असलेल्या कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक आहे. निवृत्तीची रक्कम किंवा बँकेचे कर्ज अशा पाटीत गुंतवण्यापूर्वी आणि पुष्कळदा गुंतवल्यानंतर माणूस सल्ला विचारतो तो ओळखीच्या शिक्षकाला किंवा पंचायत सदस्याला. म्हणून या व्यवहाराची कायदेशीर बाजू त्यांना ठाऊक असणे अगत्याचे आहे.

फ्रँचायझी म्हणजे एका व्यापाऱ्याने आपले नाव, चिन्ह व धंद्याची पद्धत वापरण्याची दुसऱ्याला मोबदला घेऊन दिलेली परवानगी. प्रवेश शुल्क, अनामत रक्कम आणि विक्रीवरील टक्केवारी हे तिचे उघड आकार होत. तक्रार उद्भवते ती उघड न केलेल्या आकारांमुळे. समजा, पंचवटी कारंजाजवळ एका गृहस्थाने पाच लाख रुपये भरून चहाच्या दुकानाची फ्रँचायझी घेतली. माहितीपत्रकात ‘विक्रीवर पाच टक्के, अन्य कोणताही आकार नाही’ असे छापले होते. दुकान सुरू झाल्यावर संगणक प्रणालीचे भाडे, जाहिरात निधी आणि तपासनिसाचा प्रवासखर्च यांची मागणी येऊ लागली. करार उघडून पाहता एका परिशिष्टात ‘कंपनी वेळोवेळी ठरवील ते आकार’ एवढीच ओळ आढळली.

अमेरिकेत १९७९ पासून फ्रँचायझी देणाऱ्यावर सर्व आकारांचा तपशील आधीच लेखी देण्याचे बंधन आहे. सध्याच्या नियमानुसार करारावर सही होण्यापूर्वी किमान १४ दिवस तो तपशील द्यावा लागतो. भारतात फ्रँचायझीसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. त्यामुळे आधार शोधावा लागतो तो १८७२ च्या भारतीय करार कायद्यात; आणि तो आधार समजला जातो तितका दुबळा नाही.

या कायद्याच्या कलम १७ नुसार, फसवण्याच्या हेतूने खोटे सांगणे किंवा ठाऊक असलेली गोष्ट बुद्ध्या दडवून ठेवणे हे कपट होय. कपटाने मिळवलेली संमती कलम १९ प्रमाणे करार रद्द करण्याचा हक्क देते. मात्र त्याच कलमातील दुसरी तरतूद अनेकांच्या लक्षात येत नाही. फसवल्या गेलेल्या पक्षाला करार कायम ठेवून, दिलेली माहिती खरी असती तर आपली जी स्थिती असती त्या स्थितीत आपणास आणून ठेवावे, असा आग्रह धरता येतो. म्हणजे वरील गृहस्थास दुकान न सोडता ‘पाच टक्क्यांपलीकडे देणे लागत नाही’ असे म्हणता येईल. ज्याची सारी पुंजी गाळ्यात आणि सामानात अडकली आहे, त्याच्या दृष्टीने हा मार्ग अधिक व्यवहार्य ठरतो.

याला मर्यादाही आहे. केवळ मौन बाळगून फसवले असेल आणि साधारण दक्षतेने सत्य कळू शकले असते, तर कलम १९ चे संरक्षण मिळत नाही. प्रत्येक पानावर सही करणाऱ्याने ‘परिशिष्ट वाचले नव्हते’ असे म्हणणे न्यायालयात फारसे टिकत नाही. याउलट, छापील माहितीपत्रकात स्पष्ट खोटे विधान असेल तर तो कागद लाखमोलाचा ठरतो. माहितीपत्रके, पत्रे आणि मोबाइलवरील संदेश पहिल्या दिवसापासून जपून ठेवावेत, ते यासाठीच.

त्याहून घातक असते ती सत्य कळल्यानंतरची गप्प राहण्याची सवय. आकार माहीत झाल्यावरही महिनोन् महिने बिनतक्रार पैसे भरले, तर कराराला मान्यता दिली असा अर्थ निघतो. म्हणून लेखी हरकत तात्काळ नोंदवावी आणि भरणा करणे भागच असल्यास तो ‘हक्क राखून’ करावा. करार सोडल्यास अनामत जप्त करण्याची धमकी दिली जाते. तथापि कलम ७४ प्रमाणे वाजवी भरपाईच मिळू शकते; तोटा झालाच नसेल तर रक्कम जप्त करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कैलाशनाथ असोसिएट्स प्रकरणी स्पष्ट केले आहे.

दाद कोठे मागावी, हे करारातील शेवटची कलमे ठरवतात. लवादाचे कलम असल्यास न्यायालय वाद सामान्यतः लवादाकडेच पाठवते. परंतु कंपनीच्या व्यवस्थापकीय संचालकाने स्वतःच्या मर्जीने एकमेव लवाद नेमावा, ही तरतूद २०१९ च्या पर्किन्स ईस्टमन निर्णयानंतर टिकत नाही; नेमणुकीसाठी उच्च न्यायालयाकडे जाता येते. दूरच्या शहरातील न्यायालयाची निवड मात्र, ते न्यायालय एरवी सक्षम असल्यास, बंधनकारक ठरते. १९७१ मध्ये वाराणसीच्या हाकम सिंग यांना गॅमन कंपनीविरुद्ध मुंबईतच दाद मागावी लागली, ती याच तत्त्वावर. सहीपूर्वी हे कलम बदलून घेणे नंतरच्या खटल्यापेक्षा केव्हाही स्वस्त पडते.

लवादाचे कलम नसल्यास आणि वादाची रक्कम तीन लाख रुपये किंवा अधिक असल्यास प्रकरण २०१५ च्या वाणिज्यिक न्यायालय कायद्याखाली येते. या कायद्यात फ्रँचायझी कराराचा नावानिशी उल्लेख आहे. तातडीचा मनाई हुकूम नको असेल तर दाव्यापूर्वी मध्यस्थी सक्तीची आहे. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. महिलांना या प्राधिकरणाकडून उत्पन्नाची अट न लागता मोफत विधी साहाय्यही मिळू शकते. ग्राहक आयोगाकडे धाव घेण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. परंतु व्यापारी हेतूने घेतलेली सेवा ग्राहक कायद्याबाहेर असल्याने तेथे यशाची खात्री नसते. आरंभापासूनच फसवणुकीचा हेतू असल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फिर्याद देता येते, पण पोलीस ठाणे हे वसुलीचे कार्यालय नव्हे.

दाव्यासाठी सर्वसाधारण मुदत तीन वर्षांची आहे. कपटाच्या प्रकरणी ती कपट उघडकीस आल्यापासून, किंवा वाजवी दक्षतेने ते उघडकीस येऊ शकले असते तेव्हापासून मोजली जाते. दाव्यापूर्वीच्या मध्यस्थीत गेलेला काळ तीतून वगळण्यात येतो; कंपनीशी चाललेल्या तोंडी बोलण्यात गेलेला काळ वगळला जात नाही.