मामुर्डीचं मैदान, पणदऱ्याचा हिशोब

फुटबॉलचं मोठं मैदान १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असतं. बारामती तालुक्यातल्या आपल्या पणदऱ्यात चौरस मीटरमध्ये कुणी जमीन मोजत नाही, म्हणून गुंठ्यांत सांगतो: साधारण एक एकर तीस गुंठे. रेषेबाहेर चारी अंगांनी पाच-पाच मीटर सोडले की सव्वादोन एकर झालंच. व्यावसायिक क्लबला एका मैदानात भागत नाही. एकावर सराव चालू असताना दुसरं विसावा घेत असतं. वर मुलांचं वसतिगृह, जेवणघर, जिम, फिजिओची खोली. सात-आठ एकर बागायत सहज गुंतते.

जमीन मिळाली तरी ती तशीच कामाची नसते. नीरा डाव्या कालव्याखालची काळी जमीन उसाला मानवते, पायाला नाही. पावसात ती बुटाला धरून बसते आणि उन्हाळ्यात हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर धावणाऱ्याचा घोटा आज ना उद्या जायचाच. म्हणून आधी माती उकरायची, तळाशी चर काढून छिद्रांचे पाइप टाकायचे, वर खडी, तिच्यावर वाळू आणि मग गवत. चोपण झालेल्या उसाच्या जमिनी सुधारायला आपले शेतकरी असेच पाइप पुरतात, तेव्हा या कामाला परदेशी तज्ज्ञाची गरज नाही. गंमत पुढे आहे. उष्ण प्रदेशातल्या चांगल्या मैदानांवर जे बर्म्युडा गवत लावतात, ते म्हणजे आपली हरळी किंवा तिचा संकर. शेतकरी जिच्या गाठी खणता खणता म्हातारा होतो, तीच इथे जोपासायची. टाचेनं उखडली तरी ती जमिनीवरच्या आणि जमिनीखालच्या धावत्या खोडांनी स्वतःला सांधून घेते, म्हणून तर तिची निवड. पाणी मात्र मागते. या मैदानावर एक मिलिमीटर पाणी द्यायचं म्हणजे ७,१४० लिटर. चैत्र-वैशाखात रोज पाच-सहा मिलिमीटर धरले तर चाळीस हजारांच्या आसपास. पर्जन्यछायेतल्या तालुक्यात हे पाणी कुणाच्या पाळीतून येणार, हा प्रश्न पहिल्याच बैठकीत निघेल.

एवढा खटाटोप कशासाठी? सामना आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. बाकीचे दिवस क्लब सरावाच्या जागेवर राहतो. स्टेडियम भाड्याचं चालतं, कारण तिथे नव्वद मिनिटांचं काम. खेळाडू घडतो तो रोज पहाटेच्या मैदानावर, दुपारच्या ताटावर आणि दुखऱ्या गुडघ्याची वेळेवर दखल घेणाऱ्या माणसाजवळ.

पुण्यानं हे सगळं एकदा करून पाहिलं आहे. अशोक पिरामल समूहानं २००७ मध्ये पुणे एफसी काढला. दोनच वर्षांत संघ आय-लीगमध्ये गेला आणि गोव्याच्या डेरिक परेरांच्या हाताखाली २०१२-१३ च्या हंगामात उपविजेता ठरला. सामने बालेवाडीत होत. पण या क्लबचं खरं काम पाहायचं तर देहूरोडजवळ मामुर्डीला जावं लागे. द्रुतगती मार्गाच्या तोंडाशी असलेल्या या गावात क्लबनं मैदान केलं आणि निवासी अकादमी चालवली. शेजारीच गहुंजेला क्रिकेटचं भलंमोठं स्टेडियम. मामुर्डीत कोण राहतं, कोण धावतं, याची चौकशी पुण्यातही फारशी कुणी केली नाही. मलप्पुरमचा आशिक कुरुनियन इथे वाढला, पुढे स्पेनमध्ये व्हियारेआलच्या युवा व्यवस्थेत काही काळ राहून आला आणि भारताकडून खेळला. केरळचं पोर मावळच्या वाऱ्यात तयार होऊन स्पेन गाठतं, ही बातमी क्रिकेटची असती तर पहिल्या पानावर आली असती.

२०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली आणि एफसी पुणे सिटी उभा राहिला. पैसा वाधवान समूहाचा, चेहरा हृतिक रोशनचा, सुरुवातीला भागीदारी इटलीच्या फिओरेंतिनाची. त्याच सुमारास कल्याणी समूहाचा भारत एफसी आय-लीगमध्ये उतरला आणि एक हंगाम खेळून मिटला. २०१५ मध्ये पुणे एफसीनंही दुकान आवरलं. अकादमी तेवढी वाचली. ती पुणे सिटीनं २०१६ मध्ये विकत घेतली. मुलं तीच, मैदान तेच, छातीवरचं चिन्ह बदललं. मग २०१९ मध्ये मालकांचे दिवस फिरले, पुणे सिटी बंद झाला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादला गेली. हैदराबाद एफसीनं २०२१-२२ मध्ये चषकही उचलला.

दुसरीकडे, पुण्याच्या पूर्वेला सोलापूर रस्त्याच्या अंगाला, डीएसके शिवाजियन्स या क्लबनं लिव्हरपूलच्या नावानं आणि मार्गदर्शनानं अकादमी चालवली. पाटसमार्गे पुण्याला जाणारे आपले लोक त्या रस्त्यानं किती वेळा गेले असतील. अकादमी ठाऊक असणारे मोजकेच निघतील. मिझोरामचे जेरी लालरिनझुआला आणि लालियानझुआला छांगटे तिथूनच पुढे आले. छांगटे नंतर मुंबई सिटीचा झाला आणि देशाचा सर्वोत्तम खेळाडूही ठरला. २०१७ नंतर मालकाचा बांधकाम व्यवसाय गाळात गेला आणि फुटबॉल त्याच्याबरोबर गेला.

दहा-बारा वर्षांत चार क्लब आले. राष्ट्रीय लीगमध्ये त्यांतला एकही उरला नाही. खेळ वाईट होता म्हणावं, तर या दोन अकादम्यांतली मुलं देशाकडून खेळत होती. माझ्या मते दोष करारात शोधायला हवा. आशियाई फुटबॉल महासंघाच्या क्लब-परवान्याच्या नियमांत सरावाची सोय सक्तीची आहे, पण जागा स्वतःची असलीच पाहिजे असं नाही. जागामालकाशी लेखी करार असला तरी चालतं. नियम म्हणून हे वाजवी आहे, नाहीतर लहान क्लब उभेच राहणार नाहीत. मात्र त्यामुळे सरावाची जागा क्लबच्या मुळाशी न राहता खर्चाच्या रकान्यात जाऊन बसते. मालकाचा हात आखडला की पहिली कात्री त्याच रकान्याला लागते.

कोल्हापुरात नेमकं उलटं चित्र आहे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमींचे संघ पिढ्यान्‌पिढ्या शाहू स्टेडियमवर झुंजतात आणि पेठेच्या पेठ गर्दी करते. या तालमी व्यावसायिक नाहीत, हरळीची दोन-दोन मैदानं त्यांच्याकडे नाहीत आणि म्हणूनच त्यांचं गुणी पोर बाहेर जाऊन घडतं. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळलेला कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत, म्हणजे सरकारी व्यवस्थेत तयार झाला. पण तालीम बुडत नाही. तिला एक मालक नसतो, सगळी पेठ असते.

सरावाची पक्की सोय आणि सगळ्यांची मालकी, या दोन्ही गोष्टी युरोपात एकत्र सापडतात. बार्सिलोनाची ‘ला मासिया’ ही १७०२ मधली शेतकऱ्याची दगडी हवेली. १९७९ पासून २०११ पर्यंत क्लबची मुलं तिच्यात राहिली. २००६ मध्ये क्लबनं गावाबाहेर सरावाचं नवं संकुल उघडलं आणि पुढे मुलांचा मुक्कामही तिकडे हलला. क्लब सभासदांचा आहे, अध्यक्ष ते मतदानानं निवडतात. कर्ज, उधळपट्टी, गटबाजी सगळं तिथेही आहे. माळेगाव किंवा सोमेश्वर साखर कारखान्याची वार्षिक सभा पाहिलेल्या माणसाला बार्सिलोनाच्या सभेत फार नवं काही दिसणार नाही.

तेव्हा उद्या एखादा क्लब पणदऱ्याकडे आलाच, तर जागा दाखवताना एकराचा भाव शेवटी बोलावा. आधी विचारावं, जमीन कुणाच्या नावावर राहणार: कंपनीच्या, की गावातल्या संस्थेच्या? गावच्या शाळेच्या पोरांना आठवड्यातले किती तास? क्लब उठून गेला तर पाइप, बोअर आणि वसतिगृह कुणाचं? पुण्यातल्या क्लबांकडे पैसा होता, परदेशी प्रशिक्षक होते, गवतही चांगलं होतं. हे तीन प्रश्न वेळेवर विचारायला सभासद नव्हते.