विश्लेषण : डेंग्यूचा विषाणू पेशीचेच यंत्र पेशीविरुद्ध कसे वापरतो?

पावसाळा लागला की यवतमाळ जिल्ह्यातील फुलसावंगीपासून पुण्या-मुंबईपर्यंत तापाच्या रुग्णाबाबत घरच्यांचा पहिला प्रश्न एकच असतो : डेंग्यू तर नाही? अहवाल आला की दुसरा प्रश्न येतो : यावर औषध का नाही? सलाइन, पॅरासिटामॉल आणि विश्रांती यापलीकडे डॉक्टर फारसे काही देत नाहीत. असे का, याच्या उत्तराचा एक भाग आपल्या प्रत्येक पेशीतील ‘प्रोटिआसोम’ या सूक्ष्म यंत्रापाशी जातो.

हे यंत्र काय करते?

गोठ्यातले कडबाकुट्टी यंत्र डोळ्यांसमोर आणावे. एका बाजूने लांब कडबा आत जातो, दुसरीकडून बारीक कुट्टी बाहेर पडते. प्रोटिआसोम प्रथिनांची अशीच कुट्टी करते. मात्र ते दिसेल ते कापत नाही. निकामी किंवा नको असलेल्या प्रथिनावर पेशी आधी ‘युबिक्विटिन’ या छोट्या प्रथिनाची खूण लावते आणि खूण असलेला मालच सहसा आत घेतला जातो. या खुणेच्या शोधासाठी अ‍ॅरन सिचॅनोव्हर, अव्राम हर्शको आणि आयर्विन रोज यांना २००४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

रोगप्रतिकाराशी त्याचा संबंध काय?

ही कुट्टी सगळी वाया जात नाही. त्यातले साधारण ८ ते १० अमिनो आम्लांचे काही तुकडे पेशी आपल्या पृष्ठभागावर मांडून ठेवते. रक्तातून फिरणाऱ्या ‘टी’ पेशी ते तपासतात. तुकडा विषाणूचा निघाला, की ती पेशी बाधित ठरते आणि मारली जाते. पेशीच्या आत लपलेला विषाणू बाहेरून ओळखू येतो तो असा. संसर्गाच्या काळात गॅमा इंटरफेरॉनच्या इशाऱ्यावर यंत्राची कापणारी तीन पातीही बदलली जातात, जेणेकरून मांडणीला अधिक योग्य तुकडे निघावेत.

डेंग्यू नेमका कुठे घाव घालतो?

विषाणू शिरल्यावर पेशी इंटरफेरॉन सोडून धोक्याचा इशारा देतात. हा इशारा पेशीच्या केंद्रकापर्यंत पोहोचवण्याचे काम ‘स्टॅट-२’ हे प्रथिन करते. डेंग्यूचे ‘एनएस-५’ प्रथिन या निरोप्यालाच धरते, पेशीतील ‘यूबीआर-४’ या प्रथिनाला जवळ आणते आणि स्टॅट-२ ची रवानगी प्रोटिआसोममध्ये होते. यंत्र पेशीचे, वीज पेशीची आणि कुट्टीही पेशीच्याच रखवालदाराची! उंदरांच्या स्टॅट-२ ला मात्र एनएस-५ धरू शकत नाही. साधे उंदीर डेंग्यूने सहसा आजारी पडत नाहीत, त्याचे हे एक महत्त्वाचे कारण. म्हणून प्रयोगांसाठी बहुधा इंटरफेरॉन यंत्रणाच निकामी केलेले उंदीर वापरावे लागतात आणि औषधांच्या संशोधनाची वाट तिथेच अवघड होते.

मग यंत्रच बंद केले तर?

तसे औषध आहे. ‘बॉर्टेझोमिब’ला अमेरिकेत २००३ मध्ये मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. प्रयोगशाळेत ते डेंग्यूलाही आवर घालते. पण हे औषध घेणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णांमध्ये नागीण उठण्याचे प्रमाण वाढते, म्हणून त्यांना अ‍ॅसायक्लोव्हिर सोबत द्यावे लागते. लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंमध्ये दडून असतो. पहारा ढिला पडला की तो डोके वर काढतो. थोड्या दिवसांच्या तापासाठी असा सौदा कोण करील?

लसीचे काय?

डेंग्यूविरुद्धच्या मारक ‘टी’ पेशी विषाणूच्या बाहेरच्या आवरणापेक्षा एनएस-३, एनएस-५ अशा आतल्या प्रथिनांचे तुकडे अधिक ओळखतात. ‘डेंगव्हॅक्सिया’ या पहिल्या लसीत आवरण डेंग्यूचे, पण आतली प्रथिने पीतज्वराच्या लसीतील विषाणूची होती. पूर्वी डेंग्यू न झालेल्यांना लसीनंतर संसर्ग झाल्यास तीव्र आजाराचा धोका वाढतो, हे २०१७ मध्ये उघड झाले. त्यात प्रतिपिंडांचा वाटा मोठा मानला जातो, तरी आतल्या प्रथिनांची उणीव दुर्लक्षिण्याजोगी नाही. पॅनेशिया बायोटेक आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ऑगस्ट २०२४ मध्ये ‘डेंगीऑल’ची तिसऱ्या टप्प्याची चाचणी सुरू केली. १९ केंद्रांवर १०,३३५ हून अधिक प्रौढांचे नियोजन असलेल्या या चाचणीतील लसीत दुर्बळ केलेल्या डेंग्यूचीच आतली प्रथिने आहेत.

तोपर्यंत रुग्णाने काय पाहावे?

पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ चाचणी उपयोगी पडते, त्यानंतर आयजीएम. सरकारी रुग्णालयांना आयजीएमचे संच पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था पुरवते. प्लेटलेटच्या आकड्याकडे सगळ्यांचे लक्ष असते, पण खरी काळजी ताप उतरताना घ्यायची असते. त्याच सुमारास रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपू लागण्याचा धोका असतो. पोटात तीव्र वेदना, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा कमालीची सुस्ती दिसल्यास रात्र काढू नये. फुलसावंगीहून यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय बरेच दूर आहे, हेही हिशेबात धरावे. अंगदुखीसाठी अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नये, त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो.