शालेय ग्रंथालय आणि कपाटाची किल्ली

माध्यमिक शाळेत प्रविष्ट झालेल्या मुलाला वाचता येतेच, असे गृहीत धरून त्याच्या हाती इतिहास-विज्ञानाची पाठ्यपुस्तके दिली जातात. परंतु आठवीतला तोच मुलगा एखादा परिच्छेद खणखणीत आवाजात वाचून दाखवतो आणि त्यात काय सांगितले आहे, असे विचारताच निरुत्तर होतो. अक्षरज्ञान आणि अर्थग्रहण यांतील ही दरी बुजविण्याचे काम भाषाशिक्षकाच्या जोडीने ज्याने करावयाचे, तो शाळेचा ग्रंथपाल. आणि ते करावयाचे तर त्याला आधी स्वतः शिक्षक व्हावे लागते.

डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखालील माध्यमिक शिक्षण आयोगाने १९५३ साली सादर केलेल्या अहवालात तत्कालीन शालेय ग्रंथालयांचे जे चित्र रेखाटले आहे, त्यात मुलांच्या आवडीशी सुतराम संबंध नसलेली जुनीपुराणी पुस्तके आहेत, ती कोंडून ठेवणारी मोजकी फडताळे आहेत आणि त्यांचा ताबा सांभाळणारा कारकून अथवा उदासीन शिक्षक आहे. ही स्थिती पुरती पालटली असे आजही म्हणवत नाही, आणि तिचे मूळ आळसापेक्षा भीतीत अधिक आहे. दाखलनोंद वहीत चढलेले प्रत्येक पुस्तक वार्षिक पडताळणीच्या वेळी जागेवर दिसले पाहिजे, न दिसल्यास भरपाई कोणाकडून वसूल होईल याचा नेम नाही. मग शहाणा माणूस किल्ली खिशात ठेवतो आणि त्याच्या हिशेबाला कधी खोट येत नाही.

ग्रंथ हे उपयोगासाठी असतात, हे डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी पहिलेच सूत्र या वृत्तीवरील उतारा आहे. त्याच्याही आधी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी गावोगाव ग्रंथपेट्या धाडून पुस्तकांनी वाचकांकडे जावे, हा रिवाज पाडला होता. तोच शाळेत वर्गवाचनालयाच्या रूपाने आणता येतो. प्रत्येक वर्गात एक पेटी, देवघेवीची वही दोन विद्यार्थ्यांच्या हाती, आणि महिनाअखेर पेट्यांची अदलाबदल, एवढ्या व्यवस्थेने बंद कपाटातील पुस्तके मुलांच्या दप्तरात पोहोचतात.

पुढचे काम मात्र ग्रंथपालाचे स्वतःचे आहे. वाचनाच्या तासिकेत एखादी साहसकथा मोठ्याने वाचावी, नायक ऐन संकटात असताना थांबावे आणि पुस्तक टेबलावर उघडे ठेवून हजेरीपटाकडे वळावे. तास संपताच त्या टेबलाभोवती कोण जमते, यावरून त्याला आपल्या वाचकांची पहिली यादी मिळते. जो जमत नाही, ओळीवर बोट ठेवून अडखळत वाचतो आणि लहान मुलांचे पुस्तक मागायला लाजतो, त्याच्यासाठी ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक किंवा क्रिकेटविषयीचे सचित्र पुस्तक कोणतीही टीका न करता पुढे करावे. सहामाहीच्या प्रकल्पासाठी येणाऱ्यांना उत्तर सांगण्याऐवजी अनुक्रमणिका कुठे, अखेरची सूची कशासाठी आणि कोशात शब्द कसा शोधावा, हे तिथेच हाताशी पुस्तक धरून दाखवावे. माहितीच्या महापुरात भ्रमणध्वनीवरील मजकूर पारखण्याची सवयही याच टेबलाशी लागते.

हे सारे ग्रंथपालाने एकट्याने निभवावे, अशी अपेक्षा अन्यायाची आहे. मुख्याध्यापकांनी वेळापत्रकात वाचनाची तासिका राखावी, ती बदली तासाला बळी पडू देऊ नये, आणि वापरून फाटलेली पुस्तके विनातक्रार निर्लेखित करावीत. शाळातपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यानेही दाखलनोंद वहीआधी देवघेवीची वही मागितली, तर कपाटांची किल्ली खिशात ठेवण्याचे कारण कोणालाच उरणार नाही.