विश्लेषण : आंब्यावर किरणांची प्रक्रिया झाली, हे फळ पाहून कळते का?

मे २०२५ मध्ये भारतातून विमानाने गेलेल्या आंब्याच्या किमान १५ खेपा अमेरिकेने लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को, अटलांटा अशा विमानतळांवर अडवल्या. अडचण किडीची नव्हती. ८ आणि ९ मे रोजी नवी मुंबईत झालेल्या विकिरण प्रक्रियेच्या कागदपत्रांत त्रुटी असल्याचे सांगण्यात आले. माल परत न्या किंवा नष्ट करा, असे दोनच पर्याय होते. नाशवंत माल परत आणणे परवडणारे नसल्याने निर्यातदारांनी तो नष्ट केला. नुकसान सुमारे पाच लाख डॉलरचे, असा त्यांचा अंदाज. प्रक्रिया झाली होती, असे ते सांगत राहिले. मग चार आंबे कापून तपासणी का झाली नाही?

विकिरण कशासाठी?

कोयीतला भुंगा बाहेरून दिसत नाही. फळमाशीच्या अळ्यांचेही तेच. त्यामुळे २००७ मध्ये भारतीय आंब्याला बाजारपेठ खुली करताना अमेरिकेने किमान ४०० ग्रे मात्रेची अट घातली. सुरुवातीचा आंबा गेला तो लासलगावच्या ‘कृषक’ केंद्रातून. भाभा अणुसंशोधन केंद्राने ते मुळात कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून उभारले होते. पुढे वाशीला कृषी पणन मंडळाची सुविधा आली. पेट्या कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांसमोरून फिरवल्या जातात. फळाचा कोबाल्टशी स्पर्श होत नाही आणि ते किरणोत्सारीही होत नाही.

गंमत म्हणजे ४०० ग्रेने कीड लगेच मरेलच असे नाही, पण तिची वंशवाढ थांबते. म्हणजे पेटीत जिवंत भुंगा सापडला, तरी प्रक्रिया झालीच नाही असे म्हणता येत नाही.

प्रयोगशाळेत काय कळते?

चाचण्या आहेत, पण बहुतेक मसाले, मांस, सुकामेवा यांसाठी सोयीच्या. सालीवरच्या धुळीतील खनिजकण किरणांची ऊर्जा साठवतात आणि तापवल्यावर किंवा प्रकाश टाकल्यावर चमकतात. निर्यातीचा आंबा मात्र धुऊन-पुसून भरलेला असतो. धूळच नाही तर चमकणार काय? विकिरणामुळे चरबीपासून काही विशिष्ट संयुगे तयार होतात, तीही शोधता येतात. पण आंब्याच्या गरात चरबी नगण्य. बिया आणि कठीण कवचांतील सेल्युलोजमध्ये किरणांची खूण उरते. ओलसर ताज्या फळात आणि एवढ्या कमी मात्रेत ती पुसट असते. पेशींतील डीएनए तुटला आहे का, हेही पाहता येते. पण फळ जुने झाले किंवा गोठले, तरी डीएनए तुटतोच.

त्यातही या चाचण्यांनी फार तर ‘किरण पडले’ एवढे कळते. अमेरिकेला हवे असते ते ‘किती’ याचे उत्तर. ३०० ग्रे मिळालेला आंबा आणि ४०० ग्रेचा आंबा, दोन्ही सारखेच दिसतात, सारखेच लागतात.

मग पुरावा कोणता?

पेट्यांसोबत ठेवलेले मात्रामापक. मिळालेल्या मात्रेनुसार त्यांत मोजता येणारा बदल होतो. त्या नोंदी आणि अमेरिकी कृषी विभागाच्या निरीक्षकाच्या देखरेखीखाली भरलेला अर्ज, हाच खेपेचा पासपोर्ट. तो चुकला की विमानतळावर बसून कोणत्याही यंत्राने दुरुस्त करता येत नाही. बागायतदाराने फळ कितीही जपले असले तरी.

घरच्या आंब्याचे काय?

पुणे-सातारा रस्त्याने जाताना कामथडी किंवा नसरापूरला गाडी थांबवून पेटी घेणाऱ्याने ही चिंता करण्याचे कारण नाही. आंब्यावरची ही प्रक्रिया मुख्यतः परदेशी पाठवायच्या मालावर होते. स्थानिक बाजारात पिकवण्यासाठी वापरले जाणारे कार्बाइड हा वेगळा आणि अधिक जवळचा प्रश्न आहे. विकिरण केलेल्या खाद्यपदार्थाच्या वेष्टनावर तसा उल्लेख आणि वर्तुळातील रोपाचे हिरवे ‘रादुरा’ चिन्ह छापणे भारतातही बंधनकारक आहे. ग्राहकाला पाहता येण्यासारखी खूण तेवढीच, आणि तीही फळावर नसून खोक्यावर असते.