मण्यार की कवड्या?

रात्री घरात शिरलेल्या पट्टेरी सापाचा फोटो पाहून ‘मण्यार’ असे ठामपणे सांगणे धोक्याचे आहे, आणि ‘कवड्या’ असे सांगणे त्याहून धोक्याचे. कवड्या बिनविषारी, मण्यार अतिविषारी, आणि दोघेही निशाचर. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे पट्टे बहुधा जोडीने असतात, डोक्यामागे काही अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होतात. पण मण्यारीच्या पिल्लांत पुढच्या भागातही खुणा दिसतात, म्हणजे पट्टेसुद्धा दगा देतात. खात्रीची खूण पाठीच्या मधोमध असते: मण्यारीची तिथली रांग मोठ्या, षट्कोनी खवल्यांची असते. फोटोत ती रांगच दिसत नसेल, तर नाव कशाच्या आधारावर द्यायचे?

मोबाइलमधले अ‍ॅप क्षणात नाव सांगते, हे खरे. मात्र ते साम्य ओळखते; न दिसलेला खवला त्यालाही मोजता येत नाही. मग स्पष्ट फोटोसाठी जवळ जावे का? मुळीच नाही. लांबून झूम करावे, नाहीतर ओळख अपुरी ठेवून सर्पमित्राला बोलवावे. दंश झालाच, तर फोटोपायी एक मिनिटही घालवू नये. मण्यारीच्या दंशाला अनेकदा वेदना वा सूज फारशी नसते, त्यामुळे माणूस गाफील राहतो. आपल्याकडचे प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालते. उपचारासाठी सापाचे नाव ठरण्याची वाट पाहावी लागत नाही, रुग्णालय गाठावे लागते.